थापटण्याची निगा

आश्विन शुद्ध प्रतिपदेला आपल्या देवळांतून आणि देवघरांतून घट बसतो. पत्रावळीवर माती पसरून तीत धान्य पेरतात, मधोमध कुंभ ठेवून त्यावर माळ सोडतात, आणि नऊ दिवस त्या कुंभाकडे देवीचे रूप म्हणून पाहतात. त्या घटाच्या पोटावरून कधी सावकाश बोट फिरवून पाहावे. किंचित चपट्या अशा अनेक लहान जागा बोटाला लागतात. एक संपते न संपते तोच दुसरी सुरू होते. आत हात घातला तर त्याच जागांच्या पाठीशी उथळ खळगे जाणवतात. बाहेरची खूण थापटण्याची आणि आतली खूण गोट्याची. कुंभाराने डाव्या हाताने आतून गोटा धरून उजव्या हाताने बाहेरून थापटणे मारले, त्या प्रत्येक आघाताची नोंद मातीने ठेवली आहे. आवा विझला की ती नोंद कायमची होते.

घटाची पूजा आपण करतो. त्याच्या आकाराचे कौतुकही करतो. परंतु तो आकार ज्या लाकडी फळीने आणि ज्या दगडी गोट्याने आला, त्यांची आठवण सहसा कोणास होत नाही. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. ज्याला घटाचे काम पडते तो कुंभाराच्या घरी जाऊन घट करून मागतो. पण ज्याला शब्दांचे काम पडते तो काही वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द मागत नाही. भाष्यकारांचा विषय शब्द हा होता. आपण त्या दृष्टान्ताच्या पहिल्या अर्ध्या भागाशीच थोडे थांबू. दोन हजारांहून अधिक वर्षे माणसे कुंभाराच्या दारी घट मागावयास जात आहेत. त्याच्या थापटण्याची धार, त्याचा गुळगुळीतपणा, त्याची भेग यांची चौकशी मात्र फारशी कोणी केलेली नाही. या लेखाचा हेतू ती चौकशी करण्याचा आहे. मडक्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला; त्या मडक्यांना घडविणाऱ्या अवजारांच्या निगेचा इतिहास हा त्याचाच दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो अर्धा भाग आज आपल्या डोळ्यांसमोर पुसला जात आहे.

आपल्या शास्त्रकारांनी कुंभाराची अवजारे पाहिली नव्हती असे नाही. न्यायशास्त्राला घट हा दृष्टान्त इतका प्रिय की, कार्यकारणभावाची चर्चा घटावाचून पुढे सरकतच नाही. घटाची निमित्तकारणे सांगताना दंड, चक्र, पाणी आणि सूत्र यांची नावे येतात. दंड म्हणजे चाक फिरविण्याची काठी आणि सूत्र म्हणजे चाकावरून मडके कापून उतरविण्याचा दोरा. एवढासा दोरा, पण नैयायिकांच्या नजरेतून तो सुटला नाही. थापटणे मात्र या प्रसिद्ध यादीत नाही. यादी चाकापाशी संपते. आणि आपल्या देशातले मडके तर चाकावरून उतरल्यावरच खऱ्या अर्थाने घडू लागते.

याच चर्चेत विश्वनाथ पंचाननाने सतराव्या शतकातील आपल्या भाषापरिच्छेदात अन्यथासिद्धांची गणना केली आहे. म्हणजे ज्यांचा घटाशी संबंध दिसतो, पण ज्यांना घटाचे कारण म्हणता येत नाही, अशांची. दंडाचा रंग, आकाश, माती वाहून आणणारे गाढव, आणि त्यांच्याच पंक्तीला कुंभाराचा बाप! बाप कुंभाराचे कारण खरा, पण घटाचे कारण नव्हे, असा तो निर्वाळा आहे. तर्काच्या दृष्टीने तो बिनतोड आहे. तथापि कुंभारवाड्यात जाऊन पाहिले तर मुलाच्या हातातले थापटणे पुष्कळदा बापाने वापरून वापरून गुळगुळीत केलेले असते, आणि ते उन्हात टाकू नये हेही बापानेच शिकविलेले असते. तार्किकाने बाद केलेला बाप थापटण्याच्या मुठीतून घटात पुन्हा शिरतो.

श्रुतीने या बाबतीत अधिक मोकळे मन दाखविले आहे. दर सोमवारी आपण श्रीरुद्राची आवर्तने ऐकतो. त्याच्या चौथ्या अनुवाकात रुद्राच्या नाना रूपांना नमस्कार आहेत, आणि त्यांत तक्षन् म्हणजे सुतार, रथकार, कुलाल म्हणजे कुंभार आणि कर्मार म्हणजे लोहार हे एकामागून एक येतात. कुंभार आणि लोहार तर एकाच नमस्कारात जोडलेले आहेत. भाष्यकार याचा अर्थ काय लावतात तो त्यांच्यापाशी राहो. अवजारांचा विचार करणाऱ्याला मात्र ही पंक्ती फार अर्थपूर्ण वाटते. कुंभाराचे थापटणे सुतार तासून देतो. त्याचे खरवडण्याचे पाते लोहार ठोकून देतो. गोटा तो स्वतः भाजतो वा नदीतून निवडून आणतो. सुतार, लोहार आणि कुंभार हे आपल्या गावगाड्यात बारा बलुत्यांत शेजारी शेजारी बसले, त्याच्या कितीतरी शतके आधी ते रुद्राध्यायात शेजारी बसलेले आहेत.

वैदिक यज्ञात मातीच्या पात्राचा मान मोठा होता, आणि ते कोणत्या साधनाने घडवावे याचा विचार तर फारच काटेकोर होता. मैत्रायणी संहितेत अग्निहोत्राच्या दुधाची स्थाली चाकावर फिरविलेली नसावी असे सांगितले आहे. कुंभाराने चाकावर केलेले पात्र तेथे आसुरी मानले आहे. शतपथ ब्राह्मणाच्या चौदाव्या कांडात प्रवर्ग्याचा विधी आहे. त्यातील महावीर नावाचे पात्रही हातानेच घडवावयाचे. त्यासाठी वारुळाची माती, वराहाने उकरलेली माती असे घटक मिसळावयाचे. पात्र गवेधुका नावाच्या तृणाने घासून गुळगुळीत करावयाचे. घोड्याच्या लिदीची धुरी द्यावयाची. आणि मग भाजावयाचे. माती खणण्याची अभ्रि, म्हणजे लाकडी कुदळ, तीसुद्धा मंत्राने हाती घ्यावयाची. विधी संपल्यावर महावीरपात्रे आणि त्या कर्माची साधने मनुष्याच्या आकृतीत मांडून त्यांचे उद्वासन होते. ज्या साधनांनी काम केले ती कोपऱ्यात फेकावयाची नाहीत. त्यांची अंगे जुळवून एक देह उभा करावयाचा आणि मग निरोप द्यावयाचा. अवजाराविषयीच्या आदराचे याहून ठळक उदाहरण शोधून सापडणार नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. मडक्याची भिंत पातळ करण्याचे मार्ग मुख्यतः दोन. एक तासण्याचा, दुसरा थापटण्याचा. चीन, जपान आणि युरोपातले कुंभार पात्र चाकावर जाडसर उठवितात, अर्धवट सुकले की ते पालथे घालून पुन्हा चाकावर ठेवतात, आणि धारदार पात्याने बुडाची जादा माती साल काढावी तशी काढून टाकतात. त्यातून बुडाला बसकी कडी मिळते आणि पात्र टेबलावर सरळ उभे राहते. आपल्याकडे पाण्याचे आणि रांधण्याचे मडके बुडाशी गोल असते. ते तीन दगडांच्या चुलीवर किंवा चुंबळीवर बसावयाचे असते. त्याला कोपरा असेल तर आच लागताच तेथेच तडा जाण्याची भीती. हा गोल बुंधा चाकावर निघत नाही. म्हणून आपला कुंभार चाकावर केवळ गळा आणि काठ पुरा करतो, पोट जाड व आखूड ठेवतो, दोऱ्याने मडके कापून घेतो, आणि माती नखाने दबेल पण बोटाला चिकटणार नाही इतकी सुकू देतो. मग गोटा आत, थापटणे बाहेर, आणि मधूनमधून राखेची चिमूट, माती अवजाराला धरू नये म्हणून. हळूहळू पोट फुगते, बूड मिटते, भिंत पातळ होते. या रीतीत मातीचा कणही वाया जात नाही, आणि ठोकून ठोकून भिंत घट्ट होते हा लाभ वेगळाच.

तासणेही आपल्या भूमीला अपरिचित नव्हते. मोहेंजोदडोच्या अनेक भांड्यांच्या बुडाशी दोऱ्याने कापल्याच्या वळणदार रेषा आणि खालच्या अंगावर पात्याने खरवडल्याच्या खुणा अभ्यासकांनी नोंदविल्या आहेत. अर्नेस्ट मॅके यांनी तेथे उत्खनन करीत असतानाच जवळच्या बालरेजी गावच्या कुंभारांचे रंगविलेले काम पाहिले आणि १९३० मध्ये त्यावर निबंध लिहिला. जमिनीखालच्या मडक्यांचा अर्थ जमिनीवरच्या कुंभाराकडून समजून घ्यावा, ही दृष्टी त्यात होती.

आपल्या भागाच्या अधिक जवळचे पुरावे नर्मदेच्या आणि घोड नदीच्या काठी मिळाले. अहल्याबाईंच्या महेश्वरासमोर, नदीच्या दुसऱ्या तीरावर नावडातोली आहे. तेथे १९५२-५३ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी मिळून उत्खनन आरंभिले, डॉ. ह. धी. सांकळिया त्याचे धुरीण होते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील इनामगावचे उत्खनन १९६८ मध्ये सुरू झाले. इसवी सनापूर्वी सोळाव्या शतकाच्या सुमारास वसून सुमारे नऊशे वर्षे नांदलेल्या या खेड्यात कुंभाराचे घर ओळखता आले आणि त्याची वर्तुळाकार भट्टीही मिळाली. तेथील जोर्वे पद्धतीची लाल मडकी चाकावर उठविलेली आणि इतकी उत्तम भाजलेली आहेत की, खापर वाजविले तर धातूसारखा नाद येतो. त्याच गावात लहान मुलांचे दफन मात्र हाताने घडविलेल्या दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली होत असे. चाक घरात असूनही अखेरच्या त्या पात्रासाठी हाताचीच घडण राहिली, ही गोष्ट महावीरपात्राची आठवण करून देते. दोहोंचा संबंध जोडण्याचे धाडस करण्याचे कारण नाही; पण मनात विचार येतो खरा.

उत्खननांत थापटणे सापडत नाही. लाकूड ते, मातीत माती होऊन गेले. गोटा मात्र टिकतो. मार्शल यांनी १९१३ ते १९३४ पर्यंत खणलेल्या तक्षशिलेत आणि १९५०-५२ मध्ये खणलेल्या हस्तिनापुरात भाजलेल्या मातीचे, मुठीत धरावयाचे असे गोटे मिळाले आहेत. आजच्या कुंभाराच्या हाती ते दिले तर त्यांचा उपयोग त्याला सांगावा लागणार नाही. बैद्यनाथ सरस्वती आणि नबकिशोर बेहुरा यांनी भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील कुंभारकामाची पाहणी करून १९६६ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात चाके आणि थापटणी-गोटे यांचे प्रांतोप्रांतीचे प्रकार नोंदविलेले आहेत. दोन-अडीच हजार वर्षांत साम्राज्ये आली आणि गेली. हाताच्या मुठीला बसणारा गोटा मात्र तसाच राहिला.

एवढा काळ अवजार टिकले ते केवळ त्याच्या साधेपणामुळे टिकले असे समजणे चुकीचे होईल. त्याची निगा राखण्याचे एक शास्त्र होते. ते कोणी लिहून ठेवले नाही. बापाने मुलाच्या हातावर टिचकी मारून ते शिकविले. त्याची कलमे थोडक्यात मांडण्यासारखी आहेत.

पहिले थापटणे. यासाठी चिंचेसारखे कठीण आणि घट्ट रेषांचे लाकूड चांगले. ते ओल्या मातीत दिवसभर राबते, म्हणून पाणी हा त्याचा नित्याचा सोबती आणि नित्याचा शत्रूही. काम संपल्यावर त्याला माती सुकू देऊ नये. सुकलेली माती खरवडताना लाकडाचे तंतू उपटून निघतात. लगेच धुवावे, पुसावे आणि सावलीत, वारा लागेल असे उभे ठेवावे. उन्हात टाकले तर वरचा थर आधी सुकून आखडतो, आतला ओलाच राहतो, आणि त्या ओढाताणीत भेग पडते. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवणेही तितकेच वाईट. अधूनमधून जवसाच्या तेलाचा हात द्यावा; हे तेल हवेत वाळून लाकडावर पातळ कवच धरते. मात्र कामाच्या आदल्या दिवशी तेल देऊ नये, कारण तेलकट फळीला राख धरत नाही आणि मडक्यावर डाग उठतात.

एवढे केले तरी फळीचा मध्यभाग झिजतोच. दररोज शेकडो आघात तेथेच पडतात. मध्ये उथळ द्रोण होतो आणि कडा उंच राहतात. मग प्रत्येक आघाताबरोबर कडेची रेघ मडक्यावर उमटू लागते. नवशिक्याला वाटते की आपला हात बिघडला. जाणता कुंभार फळी डोळ्यासमोर आडवी धरून पाहतो. अशा वेळी सुताराकडून वाकसाने किंवा रंध्याने तिचे तोंड पुन्हा सपाट करून घ्यावे, कडा किंचित गोलाव्यात, आणि ओल्या वाळूने घासून ती गुळगुळीत करावी. दर वेळी फळी थोडी पातळ आणि हलकी होते. पण तिचा जन्म तेवढ्याने संपत नाही. जड असताना जी पहिल्या जोरकस घडणीला वापरली, तीच हलकी झाली की शेवटच्या नाजूक थापटण्यास येते. माणसाच्या वयाप्रमाणे तिचेही काम बदलते.

दुसरा गोटा. तो दगडाचा असो की भाजलेल्या मातीचा, त्याचा बाक हाच मडक्याच्या पोटाचा बाक. म्हणून कुंभारापाशी लहानमोठे अनेक गोटे असतात. गोट्याचा टवका उडाला तर तेवढा खडबडीत भाग दर आघाताला आतून मडके ओरबाडतो. पाणी घालून खरबरीत दगडावर गोल गोल घासत राहिले की तो पुन्हा साफ होतो. सहाणेवर चंदन उगाळणाऱ्याला ही क्रिया समजावून देण्याची गरज नाही. भाजक्या मातीच्या गोट्याला भेग गेली तर मात्र ती सांधत नाही. पुढच्या आव्यात नवा गोटा भाजून घ्यावा लागतो, आणि तो करताना कुंभार तो आपल्याच मुठीच्या मापाने करतो. त्यामुळे एकाचा गोटा दुसऱ्याच्या हाताला सहसा नीट बसत नाही.

तिसरे पाते; बूड वा काठ तासण्याचे आणि खरवडण्याचे. मऊ मातीने लोखंड झिजावे हे ऐकून नवल वाटते. पण मातीत वाळूचे बारीक कण असतात, आणि ते कण स्फटिकाचे. मोहच्या काठिण्यमापनात स्फटिक ७ या अंकावर आहे. साधे लोखंड त्याच्या पुष्कळ खाली. प्रत्येक मडके तासताना ते अदृश्य कण पात्याची धार खात असतात. बोथट पाते कापत नाही. ते माती दाबते, ओढते आणि थरथरते, व पात्राच्या अंगावर जवळजवळ वळ्या उठवीत जाते. तेव्हा कुंभार जोर वाढवितो, आणि जोराने भिंत बसते. उपाय एकच: धार. पात्याला एकाच अंगाने उतार द्यावा, कानशीने वा निसण्यावर एकाच दिशेने घासावे, आणि शेवटी दुसऱ्या अंगाला आलेली बारीक कोर हलक्या हाताने काढून टाकावी. काम संपताच पाते कोरडे करून तेलाचे बोट फिरवावे. ओली माती लागलेले पाते रात्रभर राहिले तर सकाळी त्यावर गंज दिसतो, आणि गंजाचे डाग पांढऱ्या मातीत भाजल्यावर तांबडे होऊन वर येतात. मूठ सैल झाली तर पाचर मारावी किंवा ओल्या सुतळीने आवळून बांधावे; सुतळी सुकताना अधिकच घट्ट बसते.

चौथा दोरा. त्याची निगा काय राखावयाची, असे कोणीही म्हणेल. परंतु दोऱ्यात सुकलेल्या मातीचा एक खडा अडकला, तरी मडक्याच्या बुडाशी खोल चर पडतो. धुतलेला, ताणून वाळविलेला, गाठ नसलेला दोरा हवा. नैयायिकांनी सूत्राला कारणांच्या यादीत घेतले ते उगीच नव्हे.

थापटण्याचा आपल्या वाङ्मयातील आणि भक्तीतील सर्वांत मोठा सन्मान तेर येथे झाला. धाराशिव जिल्ह्यातील तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणबरोबर त्याचा उल्लेख मोठी बाजारपेठ म्हणून आहे, आणि सातवाहनकालीन मृण्मूर्तींसाठी ते आजही अभ्यासकांना परिचित आहे. याच मातीत संत गोरोबाकाका झाले. त्यांची समाधी परंपरेने शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७ मधील मानतात. संतमंडळी त्यांच्या घरी जमली असता मुक्ताबाईने कोपऱ्यातील थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारले. गोरोबांनी सांगितले की, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग आमचीही मडकी पारखा, असे ती म्हणाली. आणि गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारून पाहिले. सारे शांत राहिले. नामदेवांना मात्र ते सहन झाले नाही, आणि हे मडके अजून कच्चे आहे असा निवाडा झाला. तोच घाव नामदेवांना औंढ्या नागनाथी विसोबा खेचरांकडे घेऊन गेला.

ही कथा आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकली आहे. तिच्यातील कारागिरीकडे मात्र लक्ष गेलेले नसते. थापटणे हे मुळात कच्च्या मडक्याचे अवजार. पक्क्या मडक्यावर ते जोराने मारीत नाहीत. हलकेच वाजवून नाद ऐकतात. चांगले भाजलेले खणखणते, चिरलेले बद्द बोलते. पण परीक्षा घेणारे थापटणेच भेगाळलेले असेल तर? त्याचाच आवाज बद्द येणार आणि निर्दोष मडके दोषी ठरणार. परीक्षकाचे साधन आधी निर्दोष असावे लागते. गोरोबांच्या घरचे थापटणे कोपऱ्यात उभे होते, हाती घेताच कामाला येईल अशा स्थितीत होते. त्या घरात अवजारांची निगा होती, एवढे तरी ही कथा न सांगता सांगते.

या निगेची साखळी विसाव्या शतकात कशी सैल झाली, हे पाहणे आता क्रमप्राप्त आहे. पहिल्यांदा तांब्या-पितळेच्या आणि मग अॅल्युमिनियम व स्टीलच्या भांड्यांनी रांधपातून मातीचे भांडे हुसकले. गोव्याच्या घरांतील बुडकुलोही त्यातून सुटला नाही. मागणी घटली तशी बलुत्याची देवघेव मोडली. पूर्वी सुगीनंतर धान्याच्या राशीवर ज्यांचा एकत्र हक्क होता ते सुतार, लोहार आणि कुंभार वेगवेगळ्या वाटांनी गेले. थापटण्याचे तोंड सपाट करून देणारा सुतार शहरात दारे-खिडक्या करू लागला. पात्याला पाणी देणारा लोहार गावात उरला नाही. खादी व ग्रामोद्योग आयोग १९५७ मध्ये अस्तित्वात आला. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे आयोगाची कुंभारकामाचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली आणि सीमाभागातील कारागिरांना तिचा लाभ झाला. आयोगाने २०१८ मध्ये कुंभार सशक्तीकरण योजना सुरू करून विजेची चाके वाटली. खांदा मोडून टाकणारे जड चाक काठीने फिरविण्याचे कष्ट त्यामुळे वाचले, ही गोष्ट निःसंशय चांगली झाली.

पण चाक बदलले की मडकेही बदलते. विजेच्या चाकावर पेले, ताटल्या, फुलदाण्या भराभर निघतात. त्यांची बुडे सपाट असतात आणि ती तासावी लागतात. अशा तऱ्हेने तासण्याची ती पूर्वेची आणि पश्चिमेची रीत आपल्या कुंभारवाड्यांत आली. सुशिक्षित कलावंतांकडे ती आधीच पोहोचली होती. दिल्लीचे सरदार गुरचरणसिंग १९१९ मध्ये जपानला जाऊन तेथील कुंभारकाम शिकून आले होते, आणि १९४९ मध्ये स्थापन झालेल्या बडोद्याच्या विद्यापीठातही मृत्कलेचे शिक्षण मिळू लागले. जपानी कुंभार आपले तासण्याचे पाते, ज्याला ते कान्ना म्हणतात, पोलादाची पट्टी वाकवून स्वतः तयार करतो आणि स्वतःच कानशीने धार लावतो. आपल्याकडे मात्र ते अवजार बाजारातून तयार येते. तारेचा फास, लाकडी मूठ. बोथट झाले की टाकावयाचे आणि दुसरे घ्यावयाचे. अवजार आले, त्याची निगा त्याच्याबरोबर आली नाही. आणि जुन्या थापटण्याची निगा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती विचारणारे कोणी राहिले नाही. एकाच पिढीत दोन्हीकडून तुटलेला असा हा दुवा आहे.

हा प्रश्न केवळ कुंभाराचा आहे असे समजून देवळाच्या मंडळींना स्वस्थ बसता येणार नाही. गोव्यातील घुमटाचेच पाहा. चवथीची आरती असो की देवळातील सुवारी, घुमट, शामेळ आणि कासाळे यांच्याविना ती रंगत नाही. घुमट म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेले मातीचे पात्र. मोठ्या तोंडावर चामडे, आणि लहान तोंडावर वादकाचा डावा तळवा. त्या तळव्याच्या उघडझापीने नाद घुमतो. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे ताणीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले, आणि पुढे बकऱ्याच्या कातड्याचा उपयोग रूढ झाला. गोवा शासनाने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान्यता दिली. कातड्याविषयी पुष्कळ चर्चा झाली, वादनाच्या स्पर्धा भरल्या, तालांची नोंद झाली. हे सारे उचितच आहे. परंतु चामड्याखाली जे मातीचे पोट आहे, त्याची भिंत जाडपातळ झाली तर ती सुकताना असमान आखडते, आव्यात तडकते, आणि तडकलेल्या घुमटाला कितीही उत्तम कातडे ताणले तरी तो बोलत नाही. ती भिंत सारखी ठेवणारे हात डिचोलीसारख्या गावांत अजून आहेत. त्या हातांतली अवजारे कोणत्या स्थितीत आहेत, ती कोण दुरुस्त करून देतो, हे वारसा म्हणणाऱ्यांनी विचारावयास हवे.

उपाय फार मोठा नाही आणि खर्चाचा तर नाहीच. आपल्या परंपरेनेच तो सुचवून ठेवला आहे. नवरात्राच्या पहिल्या दिवशी आपण घट बसवितो आणि नवव्या दिवशी, खंडेनवमीला, अवजारांची पूजा करतो. या उत्सवाच्या एका टोकाला पात्र आहे आणि दुसऱ्या टोकाला हत्यार. पूजेसाठी अवजार घासावे लागते, पुसावे लागते, त्याची सैल मूठ आणि गेलेली धार नजरेस पडते. वर्षातून एकदा प्रत्येक कारागिराने आपल्या साधनाची कसून पाहणी करावी, अशी ही व्यवस्थाच आहे. शहरांत आज त्या दिवशी मोटारींना हार पडतात. त्यास कोणाची हरकत नाही. पण ज्या देवळात नऊ दिवस घट पूजिला जातो, त्या देवळाने त्या घटाच्या कर्त्याला खंडेनवमीस त्याच्या थापटण्यासह, गोट्यासह बोलवावे. गावातील सुताराला त्याच दिवशी त्याच्या शेजारी बसवावे आणि झिजलेल्या फळ्यांची तोंडे सपाट करून द्यावयास सांगावे. लोहार कोठे असेल तर त्यालाही. रुद्राध्यायातली ती जुनी पंक्ती एका दिवसापुरती तरी देवळाच्या अंगणात पुन्हा बसेल. मुले भोवती जमतील, फळी डोळ्यासमोर आडवी धरून कशी पाहतात ते पाहतील, आणि त्यांतील एखादा ती स्वतःच्या हाती मागून घेईल.

दसऱ्याला घट उठतो. अंकुर आपण कानात खोवतो, माती झाडाच्या बुंध्याशी जाते. पुढच्या आश्विनात नवा घट लागणारच आहे, आणि त्यासाठी कोठेतरी एक थापटणे सावलीत, कोरडे, भेगेवाचून उभे असावयास हवे.